सुट्टीच्या आधीचा आठवडा

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मी वहीतल्या एका कोऱ्या पानावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखले. पुढच्या रविवारी, म्हणजे १० मे रोजी, पहाटे सहाला आम्हाला पुण्याहून गुहागरला निघायचे होते. गुहागर हे माझे आजोळ. मामा-मामी अजून तिथल्या जुन्या घरात राहतात, आणि कलमांवरचे आंबे उतरवण्याच्या दिवसांत आठ दिवस तिकडे जायचे, हा आमच्या घरातला नेम मधली तीन वर्षे माझ्या कामामुळे मोडला होता. या वर्षी तो मोडू द्यायचा नाही, असे मी मामीला फेब्रुवारीतच सांगून ठेवले होते. मात्र त्या सहा रकान्यांत बसवायची कामे तीन निरनिराळ्या ठिकाणची होती: कार्यालयातली करविवरणपत्रे, मोडी लिपीच्या वर्गाचे शेवटचे दोन तास, आणि आमच्या गॅलरीत सहा महिन्यांपासून घासत असलेला दुर्बिणीचा आरसा.

मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. मे महिन्याचा पहिला पंधरवडा आमच्याकडे कधीच मोकळा नसतो. एप्रिलमध्ये कापलेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच त्यातून कापून घेतलेला कर, ७ तारखेपर्यंत भरावा लागतो आणि एप्रिलच्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत द्यावे लागते. ११ तारीख सोमवारी येत होती आणि त्या दिवशी मी गुहागरला असणार होते, त्यामुळे माझ्याकडच्या सगळ्या अशिलांची विवरणपत्रे शनिवार दुपारपर्यंत जाणे भाग होते. ‘तिकडून लॅपटॉपवर करता येईल की,’ असे कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने सुचवले, तेव्हा मी ठामपणे नाही म्हटले. मधल्या तीन वर्षांपैकी एका वर्षी मी तसेच केले होते, म्हणजे एका लग्नासाठी दोन दिवस गेले आणि दोन्ही दिवस ओटीवर यंत्र उघडून बसले. मामी माझ्याशी बोलायला येई आणि पडद्याकडे पाहून परत जाई. ती परत जातानाची तिची पाठ मला अजून दिसते.

त्यामुळे पहिला निर्णय वेळेविषयीचा होता. दिवस कार्यालयाला, संध्याकाळी सातनंतरचा वेळ वर्गाच्या तयारीला आणि पहाट आरशाला. आरशाला पहाट देण्यामागे आवडनिवड नव्हती, पुण्याचा उन्हाळा होता.

सहा इंची व्यासाचा आरसा घरी तयार करणे हे वाटते तितके अवघड नाही, पण वाटते त्याहून खूपच सावकाश चालणारे काम आहे. जाड काचेच्या दोन गोल चकत्या घ्यायच्या, एक पिंपावर पक्की बसवायची आणि दुसरी तिच्यावर ठेवून मध्ये कार्बोरंडमची भरड पूड व पाणी घालून मागे-पुढे घासत राहायचे. घासता घासता आपण पिंपाभोवती फिरतो आणि वरची काचही हातात थोडी थोडी फिरवत राहतो. काही तासांनी वरची काच मध्यभागी खोलगट होऊ लागते आणि खालची तितकीच फुगीर होते. दोन पृष्ठे सर्व दिशांनी एकमेकांवर सरकत राहिली की ती आपोआप गोलाच्या पृष्ठाचा भाग होतात, कारण कुठूनही कुठेही सरकवले तरी एकमेकांना चिकटून बसणारा तेवढाच एक वक्र आहे. मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. माझ्या आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आरशापासून जिथे एकवटतो तिथवरचे अंतर, ४८ इंच आहे, आणि एवढ्या आरशाला मध्यभागी लागणारी खोली जेमतेम सव्वा मिलिमीटरसुद्धा नसते. भरड पुडीने ती खोली मिळाली की मग बारीक, अधिक बारीक अशा पुडी क्रमाने वापरायच्या, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पुडीचे खड्डे पूर्ण निघाल्याखेरीज पुढे जायचे नाही.

हे सगळे माघ महिन्यापर्यंत झाले होते. आता चालू होते ते पॉलिशिंग. त्यासाठी खालच्या चकतीवर पिच ओततात. ते डांबरासारखे दिसते, हाताला घट्ट लागते, पण दाबाखाली हळूहळू वाहते, म्हणून काचेचा आकार ते तंतोतंत घेते. त्यावर चौकोनी खाचा पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइडच्या पातळ, गुलाबीसर पाण्याने काच घासायची. मे महिन्यात पुण्याचा पारा दुपारी चाळिशीच्या आसपास गेला की हे पिच मऊ पडते, खाचा मिटतात आणि काचेचा आकार बिघडू लागतो. म्हणून पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ उपयोगाचा होता. त्या दीड तासात घरात कुणी उठलेले नसे, खाली दूधवाल्याच्या बाटल्यांचा आवाज येई आणि माझ्या हाताखाली काच आणि पिच यांचा एक सलग, ओलसर घर्र असा ध्वनी चाले. दिवसभरात पुढे काय वाट्याला येणार आहे याचा त्या वेळात मला खरोखर विसर पडत असे.

सोमवार आणि मंगळवार कार्यालयात ठीक गेले. बुधवारी एका व्यापाऱ्याच्या विक्रीनोंदींत गोंधळ सापडला. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची कोल्हापूर आणि बेळगाव अशी दोन ठिकाणी दुकाने आहेत, म्हणून त्याचे जीएसटी क्रमांकही दोन आहेत. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९, पुढची दहा अक्षरे त्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या पॅनची. म्हणजे एकाच मालकाच्या या दोन क्रमांकांत सुरुवातीचे अंक वेगळे आणि मधली दहा अक्षरे तीच. दोन्ही क्रमांक खरे असल्यामुळे संगणक हरकत घेत नाही. कोल्हापूरच्या दुकानाला पाठवलेल्या मालाची अकरा बिले बेळगावच्या क्रमांकावर नोंदली गेली होती. अशी नोंद तशीच पुढे गेली असती तर कोल्हापूरच्या दुकानाला त्या खरेदीवरच्या कराची वजावट महिन्याच्या चौदा तारखेला त्यांच्या पत्रकात दिसली नसती, आणि राज्यातल्या राज्यात झालेली विक्री आंतरराज्य ठरून कराचे शीर्षकच चुकले असते. अकराही बिले चलनांशी ताडून पाहण्यात बुधवारची संध्याकाळ गेली. वर्गाची तयारी त्या रात्री झाली नाही, आणि रकान्यातली ती ओळ मी बाणाने गुरुवारकडे ढकलली. गुरुवारी टीडीएसची शेवटची तारीख होती, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. चलने वेळेत भरली गेली.

आता वर्गाविषयी. आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार ते सहा मी मोडी शिकवते. या तुकडीत बारा जण होते: इतिहास शिकणाऱ्या दोन मुली, एक वकील, तीन गृहिणी, एक निवृत्त तलाठी, बाकीचे नोकरदार. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांच्या लक्षात आली आहे आणि वर्गाला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. माझी स्वतःची ओढ मात्र वेगळी आहे. माझ्या पणजोबांची जमाखर्चाची वही मला लहानपणी गुहागरच्या माळ्यावर सापडली होती, आणि ती माझ्याच भाषेत लिहिलेली असूनही मला तिचे एक अक्षर वाचता येत नव्हते. आपल्याच घरातला माणूस आपल्याशी बोलतो आहे आणि आपल्याला ऐकू येत नाही, अशी ती भावना होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद आहेत, आणि ते सगळे वाचू शकणारी माणसे फार थोडी.

मोडीत आधी पूर्ण ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे, हात शक्यतो न उचलता, एकात एक गुंतवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, आणि इकार-उकार ऱ्हस्व व दीर्घ असे वेगळे नसतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात, ‘सुत’ आणि ‘सूत’ही. पहिल्याच तासाला मी फळ्यावर मोडीत एक ओळ लिहिते, तिचे देवनागरीत ‘तिलाजवाब’ असे होते, आणि विचारते की हे काय आहे. अर्धा वर्ग ‘तिला जवाब’ म्हणतो, उरलेला ‘ती लाजवाब’. दोन्ही बरोबर असतात. मग मी सांगते की मोडी वाचणारा डोळ्यांनी अक्षर वाचतो आणि संदर्भाने शब्द.

शेवटच्या तासाला मला वर्गाकडून एक खरा कागद वाचून घ्यायचा होता. निवृत्त तलाठ्यांनी स्वतःच्या घरच्या पेटीतला एक कागद मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिला होता. चार माणसांकडून आलेल्या रकमांची ती यादी होती. गुरुवारी रात्री दहाला मी तो कागद घेऊन बसले, प्रतीवरच्या सुरकुत्या आणि शाईचे डाग वेगळे केले, अवघड शब्दांची टाचणे काढली. त्यावरचा सन ‘सलास समानीन मया व अलफ’ असा होता. हे अरबी संख्याशब्द आहेत: तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर या मराठेशाहीतल्या कागदांवरच्या कालगणनेतला सन ११८३. सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. कागद १७८२-८३ सालचा निघाला. पेरणीच्या तोंडावर वर्ष उघडणारी ही पद्धत मला १ एप्रिलच्या आमच्या आर्थिक वर्षापेक्षा नेहमीच अधिक समजण्याजोगी वाटत आली आहे. त्याच रात्री जेवणाआधी, आठच्या सुमारास, पश्चिमेला इमारतींच्या वर मृग नक्षत्र खाली झुकलेले मी गॅलरीतून पाहिले होते. दिवसामागून दिवस ते मावळत्या सूर्याच्या जवळ सरकते, मग काही आठवडे दिसेनासे होते, आणि ते दिसेनासे असतानाच जुन्या लेखनिकांचे नवे साल लागे.

शुक्रवारी पहाटे आरसा घासण्याऐवजी मी तो तपासायचे ठरवले. यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी वापरतात. आरशापासून सुमारे आठ फुटांवर, त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी, एक बारीक दिवा ठेवायचा आणि परत येणाऱ्या किरणांच्या वाटेत दाढीच्या पात्याची धार अलगद सरकवायची. पात्यामागून पाहिले की आरशाचा पृष्ठभाग एखाद्या टेकडीसारखा उजळ-अंधाऱ्या छायेत उठून दिसतो, आणि डोळ्याला कधीच न जाणवणारे उंचवटे-खळगे स्पष्ट होतात. हवा जराही हलून चालत नाही, म्हणून मी दिवाणखान्यातले पंखे बंद केले. नवरा आणि मुलगी आतल्या खोलीत होती, तरी सासूबाई उठून आल्या आणि दाराशी पदराने वारा घेत शांतपणे बसून राहिल्या. ‘काही दिसतंय का गं?’ एवढेच त्यांनी विचारले. दिसले ते असे की काठापासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी उतरली होती. आरशाच्या कडा खाली पडणे हा या छंदातला सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. मऊ पिच आणि लांब हात मारणे ही त्याची नेहमीची कारणे, आणि गेल्या दहा दिवसांच्या उकाड्यात माझ्याकडून दोन्ही घडले होते.

तो आरसा मला गुहागरला न्यायचा होता, हे मी इथपर्यंत सांगितले नाही. एप्रिलअखेर पॉलिशिंग संपवून, ॲल्युमिनियमचा थर चढवून आणून, पुठ्ठ्याच्या नळीत बसवून, त्या आरशातून मला मामाला ओमेगा सेंटॉरी दाखवायचा होता. मे महिन्याच्या रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून चोवीस-पंचवीस अंशांवर तो असतो. नुसत्या डोळ्यांना अंधूक ताऱ्यासारखा दिसतो, पण तो तारा नव्हे, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षे अंतरावरचा लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार पुंजका आहे. एडमंड हॅली यांनी १६७७ साली त्याची नोंद केली होती. सहा इंची आरशातून त्यातले सुटे तारे साखरेच्या कणांसारखे दिसू लागतात, असे मी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून पाहिलेले आहे. मामाने मला लहानपणी समुद्रावर नेऊन दक्षिणेकडचा त्रिशंकू तारकासमूह दाखवला होता, त्यामुळे हे देणे माझ्या मनात फार दिवस होते.

उतरलेली कड बरी करायला आखूड हातांनी आणि घट्ट पिचवर आणखी दहा-बारा तास लागले असते. शुक्रवारी आणि शनिवारी पहाटे मिळून माझ्याकडे तीन तास होते. घाईने केले असते तर आरसा मध्यभागीही बिघडला असता, आणि मग पुन्हा बारीक पुडीपर्यंत मागे जावे लागले असते. मला फार वाईट वाटले. पाऊण तास मी तशीच दिव्यासमोर बसून होते. मग वहीतल्या शुक्रवार आणि शनिवारच्या रकान्यांतला ‘आरसा’ हा शब्द मी खोडला, आणि मोकळ्या झालेल्या त्या पहाटेला कोल्हापूरच्या अकरा बिलांची दुरुस्ती पुरी करून टाकली. शुक्रवारी रात्रीपर्यंत दोन वगळता सगळी विवरणपत्रे गेली, आणि उरलेली दोन शनिवारी दुपारी दीड वाजता. पोचक्रमांक आल्यावर मी त्यांची यादी सहकाऱ्याच्या हातात दिली आणि लॅपटॉप कार्यालयाच्या कपाटात ठेवून कुलूप लावले.

शनिवारच्या वर्गाला बाराही जण आले होते. कागदाच्या प्रती वाटल्या, सन त्यांनीच काढला आणि मग रकमांवर आले. जुन्या लिखाणात रुपयाचे भाग उभ्या रेघांनी दाखवतात: एक रेघ म्हणजे पाव, म्हणजे चार आणे, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण, म्हणजे बारा आणे. १९५७ साली दशमान नाणी आली तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे हे चतुर्थांश लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. वर्गाने चार रकमा वाचल्या: १२॥, ७।, ९॥ आणि ८।. कागदावर खाली एकूण ३७॥। असे होते. वकिलांनी बेरीज केली आणि ती ३७॥ आली. चार आणे कमी. ‘ताई, लिहिणाराच चुकलाय,’ असे एक मुलगी म्हणाली आणि दोघा-तिघांनी मान डोलावली.

मी त्यांना घाईने उत्तर दिले नाही. माझ्या कामाच्या पंधरा वर्षांत मी शिकले आहे की ताळा लागत नसेल तर आधी आपले वाचन तपासावे, समोरच्याचा हिशेब नंतर. निवृत्त तलाठी काही न बोलता प्रत बाजूला ठेवून मूळ कागद खिडकीपाशी घेऊन गेले. आयुष्यभर त्यांनी सात-बाराचे उतारे लिहिले होते. त्यांनी तो उजेडात तिरका धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाले, ‘बाई, इथे घडीवर तिसरी रेघ आहे. शाई उडालीय, पण बोरूचा ओरखडा आहे.’ नवाच्या पुढे दोन नव्हे, तीन रेघा होत्या. ९॥। धरल्यावर बेरीज ३७॥। आली. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ घडीत दडलेले ते चार आणे हाती लागताच खोलीत जो आनंद झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. मुली टाळ्या वाजवत होत्या, आणि तलाठी तो कागद दोन्ही हातांत धरून उभेच होते. गुरुवारी रात्री प्रतीवरून टाचणे काढताना ती रेघ मलाही दिसली नव्हती, हे मी वर्गाला तिथेच सांगितले. पुढच्या तुकडीपासून मी मूळ कागद वर्गात आणण्याचा आग्रह धरणार आहे.

घरी आले तेव्हा सात वाजले होते. सासूबाईंनी आणि मुलीने मिळून निम्म्या बॅगा भरल्या होत्या, आणि नवऱ्याने गाडीत हवा व तेल पाहून ठेवले होते. जेवणानंतर मी गॅलरीत गेले, पिचची चकती स्वच्छ धुतली, थंडाव्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पिंपावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर टाकली. आरसा पुसून कोरडा केला. अर्धवट पॉलिश झालेल्या काचेत घरातला दिवा उलटा दिसत होता. मऊ सुती साडीच्या चार पदरांत तो बांधून मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, आणि गुहागरच्या पिशवीत त्याच्या जागी जुनी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावायची छोटी दुर्बीण, घातली. द्विनेत्रीतून ओमेगा सेंटॉरीचे सुटे तारे दिसणार नाहीत, कापसाचा एक गोल ठिपका तेवढा दिसेल.

मामीचा फोन साडेनऊला आला. कुंभार्ली घाटातून येणार की ताम्हिणीतून, म्हणजे जेवायला कधी पोचाल, असे ती विचारत होती. मी म्हटले, कुंभार्लीतून, आणि कोयनेला चहाला थांबलो तरी एकपर्यंत चिपळूण सोडू. ‘आणि ते तुझं यंत्र?’ तिने विचारले. तिला लॅपटॉपविषयी विचारायचे होते. मी सांगितले की तो कार्यालयाच्या कपाटात आहे आणि किल्लीसुद्धा माझ्यापाशी नाही. ती क्षणभर काही बोलली नाही, मग म्हणाली की उद्या आमरसाला हापूस घेते, पायरी दुसऱ्या दिवशी काढू.